चिठ्ठीत आलेली बाजू

“उभ्या राहा. बसून कुठे भाषण होतं? स्टेजवर बोललात तसं बोला. हातवाऱ्यांसकट.”

साहेब एवढं म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. टेबलावर त्यांच्या मोबाइलमध्ये माझ्याच भाषणाचा व्हिडिओ मध्येच थांबवून ठेवला होता. त्यात माझा उजवा हात वर होता आणि तोंड उघडं. कुणालाही असं बोलताना मध्येच थांबवलं तर तो वेडगळच दिसतो. मीही दिसत होते.

भर दुपारची पोलीस चौकी. एक महिला कॉन्स्टेबल, दोन हवालदार, बाकावर मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला आलेले एक गृहस्थ. आणि दाराशी माझे अब्बा. त्यांना कुणी बसा म्हणालं नव्हतं, म्हणून ते उभे होते.

मी विचारलं, “कुठून बोलू?”

“पहिल्यापासून. आम्हाला काही घाई नाही.”

मी उभी राहिले. ओढणी सारखी केली. “सन्माननीय परीक्षक आणि सुज्ञ श्रोतेहो” म्हणाले. एक हवालदार फिसकन हसला. शब्द मात्र येत होते. माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं. शाळेत त्याची बक्षिसं मिळायची. चौकीत त्याच पाठांतराची मला शिसारी आली.

मध्येच साहेबांनी हात वर केला. “थांबा, थांबा. या वाक्यानंतर तुम्ही थांबला होतात. टाळ्या पडल्या होत्या इथे.” मग हवालदारांकडे बघून, “वाजवा रे. मॅडमची लिंक तुटायला नको.”

हवालदारांनी टाळ्या वाजवल्या. बाकावरच्या गृहस्थांना काहीच कळलं नव्हतं, पण पोलीस वाजवतायत म्हणून त्यांनीही वाजवल्या. आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्या अब्बांनी वाजवल्या.

मान खाली. हात छातीपाशी. टाळीचा आवाजसुद्धा नीट येत नव्हता. त्यांना वाटलं असेल, नाही वाजवल्या तर साहेबांना राग येईल. आयुष्यात माझ्या एकाही स्पर्धेला त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. माझं भाषण त्यांनी ऐकलं ते पहिल्यांदा तिथे.

साहेब म्हणाले, “छान. मराठी फार छान आहे हो तुमचं. घरी पण असंच बोलता?”

 मला साहेबांचा राग आला नाही. अब्बांचा आला. आणि मग अब्बांचा आला म्हणून स्वतःची लाज वाटली. अपमान असाच असतो. करणारा राहतो बाजूला, आणि आपण आपल्याच माणसावर दात खातो.

हे सगळं एका शिल्डपायी झालं.

पुण्यात वादविवाद स्पर्धांना तोटा नाही. कॉलेजचा दोघांचा संघ. एकाने विषयाच्या बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरुद्ध. अनुकूल आणि प्रतिकूल. तुमचं स्वतःचं मत काय, हे कुणी विचारत नाही. वाट्याला येईल ती बाजू आपली मानायची आणि जीव तोडून बोलायचं. जो दोन्ही बाजूंनी सारख्याच तळमळीने बोलतो, तो खरा वक्ता. मी तशी होते. सकाळी शहरीकरणाच्या बाजूने बोलून संध्याकाळी त्याच शहरीकरणाला शिव्या घातल्यात मी.

त्या वर्षीचा विषय होता, “अतिरेकी विचारांना आळा घालायचा तर भाषणस्वातंत्र्यावर बंधने हवीतच.” नव्या सुरक्षा कायद्याची चर्चा पेपरात रोज चालली होती. सरांनी मला बोलावलं. सर मराठी शिकवतात. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, बोलण्यात सतत संविधान. मी गरीब घरातली म्हणून पुस्तकं फुकट देणारे सर. सर वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर मला हे सगळं फार सोपं गेलं असतं.

सर म्हणाले, “तू अनुकूल घे. तुझ्या तोंडी ते फार शोभून दिसेल.”

शोभून. मला कळलं. माझ्या नावाच्या मुलीने स्टेजवर उभं राहून सांगायचं की सरकारने कडक वागावं, बोलणाऱ्यांची तोंडं बंद करावीत. हॉल विरघळतो. परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणतात, बघा, यांच्यातही अशी मुलं आहेत. मला कुठेतरी टोचलं. पण शिल्ड समोर दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर ती बाजू मला मनापासून पटतही होती.

का पटू नये? देशात कुठेही स्फोट झाला की आमच्या घरात टीव्ही लागतो आणि अम्मी पुटपुटायला लागते, “या अल्ला, अपने में का नक्को.” मेलेल्यांची नावं कळायच्या आधी मारणाऱ्याचं नाव काय निघतंय, याची धास्ती आम्हाला. बॉम्ब फोडणारा पकडला जावा असं आमच्याइतकं कुणालाच वाटत नसेल. शिवाय अब्बा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. दारू काय करते हे त्यांना जितकं ठाऊक आहे तितकं टीव्हीवर ओरडणाऱ्यांना ठाऊक नाही. तेव्हा मी कायद्याच्या बाजूने बोलायची आणि शेवटी हात पसरून म्हणायची, “कर नाही त्याला डर कशाला?” टाळ्या.

माझा जोडीदार मिहिर. पेठेतलं घर, आजोबा वकील, वडील वकील. आवाज खणखणीत आणि अभ्यासाचा कंटाळा. त्याचं प्रतिकूल बाजूचं भाषणही मीच लिहून दिलं. त्यात एक वाक्य होतं. “ज्या देशात प्रश्न विचारायलाही परवानगी लागते, तिथे बॉम्ब फोडणाऱ्याचं निम्मं काम आपणच केलेलं असतं.” लिहिलं तेव्हा मला ते फक्त चांगलं वाक्य वाटलं होतं. वजनदार. टाळीचं.

प्राथमिक फेरीत मिहिर ते बोलला. हॉल दणाणला. परीक्षक सरांना म्हणाले, “निर्भीड आहे हो मुलगा. आजकाल असं बोलायला हिंमत लागते.” मिहिरच्या आईने तो व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्यावर बदामांचा पाऊस पडला.

अंतिम फेरीत आयोजकांना नवीन सुचलं. कोण कुठली बाजू बोलणार हे चिठ्ठ्या टाकून ठरणार. म्हणे त्यातच वक्त्याचा कस लागतो. मी चिठ्ठी उचलली. प्रतिकूल. मिहिरला अनुकूल. सरांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, “जरा सौम्य घे हं. मिहिरसारखं नको.”

आता, भाषण माझंच. तोंडपाठ. दहा मिनिटांत दुसरं कुठून आणू? आणि आणू तरी का? जसंच्या तसं बोलले. ते वाक्य आलं, मी हात वर केला, थांबले, टाळ्या पडल्या. शिल्ड आमच्या कॉलेजला. गेटवर आम्हा दोघांचा फ्लेक्स लागला. अब्बांनी कामावरून येताना वाट वाकडी करून तो पाहिला आणि घरी येऊन फक्त अम्मीला सांगितलं. त्या दिवशी अम्मीने शीरखुर्मा केला. ईद नव्हती, तरी.

मग कुणीतरी माझा व्हिडिओ टाकला. वर लिहिलं, “पुण्यातल्या कॉलेजात हे शिकवतात. हिचा बाप कुठे कामाला आहे ते विचारा.” बॉम्ब हा शब्द, माझं नाव आणि अब्बांचा कारखाना. तिन्ही एका ओळीत बसले की पुढे कुणाला काही समजावायची गरज उरत नाही. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला. नंतर नवा लागला. त्यात मिहिर होता आणि शिल्ड होतं. शिल्डची दुसरी कड धरणारी माझी बोटं मात्र तशीच राहिली होती. कापणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.

मग चौकीतून फोन. “ताई, जरा येऊन जा. दोन मिनिटांचं काम आहे.” नोटीस नाही, कागद नाही. अब्बांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

तर चौकीत. टाळ्या संपल्यावर मी साहेबांना विचारलं, “माझा गुन्हा काय आहे?”

“गुन्हा कुठे म्हणालो? अटक केलीय का तुम्हाला? चहासुद्धा विचारला. फक्त चौकशी आहे.” मग त्यांनी मोबाइल उपडा ठेवला. “नवा कायदा वाचलाय ना? तुम्ही हुशार आहात, वाचला असेल. बोललेलं, लिहिलेलं, खुणेने दाखवलेलं, सगळं येतं त्यात. आता सगळं येतं म्हणजे तुम्ही येताच असं नाही. ते आम्ही ठरवायचं.”

अब्बा पुढे आले. “साहेब, लेकरू आहे हो. चुकून बोललं. मी समजावतो.”

“चुकून नाही बोलली,” साहेब म्हणाले. “इतकं पाठ असतं का चुकून?”

आणि तिथे, त्या क्षणी, मी लिहिलेलं वाक्य मला पहिल्यांदा खरं वाटलं. आधी ते स्पर्धेचं होतं. आता ते माझ्या समोर खुर्चीत बसलं होतं, आणि माझा बाप त्याच्यासमोर हात जोडून उभा होता. कर नाही त्याला डर कशाला, असं मी किती वेळा म्हणाले होते. आम्ही काही केलं नव्हतं. आणि डर तर एवढी होती की अब्बांना पुरती मानही वर करता येत नव्हती.

त्या कायद्याचं एकही कलम माझ्यावर लागलं नाही. लावायची गरजच पडली नाही. त्याचं नुसतं नाव घेतलं की काम होतं. बॉम्ब बनवणाऱ्याला धरा ना. कोण नको म्हणतंय? आम्हीच सगळ्यांत आधी रस्ता दाखवू. पण ज्या कायद्याची व्याख्या एवढी ऐसपैस की कोण आत आणि कोण बाहेर हे चौकीतल्या साहेबाच्या मर्जीवर, तो बॉम्बवाल्याला घाबरवत नाही. त्याला घाबरतो माझा बाप.

निघताना साहेब म्हणाले, “तुमचे सर भले आहेत. बोललेत माझ्याशी. एक छोटा व्हिडिओ करून टाका. विषय संपला.”

सरांनी मजकूर तयारच ठेवला होता. “ते माझे मत नव्हते. स्पर्धेत चिठ्ठीने प्रतिकूल बाजू आली, म्हणून मी तसे बोलले. कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व.” सर म्हणाले, “यात एक अक्षर तरी खोटं आहे का? मी तुला खोटं बोलायला सांगेन का कधी?”

नव्हतं. हीच तर मेख होती. खोटं बोलायला लावलं असतं तर मी तिथेच नाही म्हणाले असते. त्यांनी खऱ्याचाच फास केला होता.

मी म्हणाले, “सर, तुम्ही तर वर्गात सांगता की मत मांडणं हा हक्क आहे.”

“आहेच. पण हक्क कुठे गाजवायचा याला काही तारतम्य असतं.” मग आवाज मऊ करून, “तुझ्या काळजीपोटी सांगतोय. तुझं वेगळं आहे ना.”

घरी अब्बांनी समोर बसवलं. त्यांची रिटायरमेंट जवळ आली आहे. क्वार्टर सोडून कुठे जायचं, याचीच बोलणी गेले काही महिने घरात चालली आहेत. रोज कारखान्याच्या गेटवर पास दाखवून आत जाणारा माणूस. पास दाखवायला त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. उलट तो खिशातून काढताना त्यांची छाती जरा पुढे यायची. आता गेटवरचा माणूस पासकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघतो असं त्यांना वाटायला लागलं होतं. बघत नसेलही. पण वाटायला लागलं होतं.

“बोल दे ना, बेटा,” अब्बा म्हणाले. “झूठ थोडी है? चिठ्ठीच में आया था ना तेरे कू.”

“हां, अब्बा.”

“तो बोल दे. अपने कू क्या करना है मत-बित का?”

मी हो म्हणाले. खरंच म्हणाले. मजकूर पाठ केला. तीन वाक्यं पाठ करायला कितीसा वेळ लागतो? आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिलं. पहिल्याच वाक्याला, “ते माझे मत नव्हते” म्हणताना, अडले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडले. मी दोन्ही बाजूंनी बोलणारी मुलगी. नाही ते हो आणि हो ते नाही करून दाखवणारी. मला हे एक वाक्य जड जात होतं. मला माझाच राग आला, की एवढं काय त्यात?

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत मिहिर मोबाइल घेऊन उभा. शूटिंग तोच करणार होता. त्याचा मोबाइल चांगला आहे म्हणून. सरांनी मला पुस्तकांच्या कपाटासमोर उभं केलं. बॅकग्राउंड चांगलं दिसतं म्हणाले.

मी विचारलं, “मिहिर, तुझा व्हिडिओ कधी करायचा?”

“माझा? माझा कशाला?”

“वाक्य आधी तू बोललास ना.”

मिहिरने सरांकडे बघितलं. सर म्हणाले, “त्याला कुणी बोलावलंय का? उगाच नसते फाटे फोडू नकोस. त्याचं वेगळं आहे.”

कालपर्यंत माझं वेगळं होतं. आज त्याचं वेगळं झालं. मी विचारलं, “काय वेगळं आहे, सर?”

खोलीत तिघंच होतो आम्ही. तिघांनाही उत्तर माहीत होतं. वर्गात रोज समता शिकवणाऱ्या माणसाला ते एका शब्दात सांगता आलं असतं. सरांनी चष्मा काढून झब्ब्याला पुसला. मिहिर मोबाइलच्या स्क्रीनकडे बघत राहिला. तोही वाईट मुलगा नाही. आपण निर्भीड आहोत असं त्याला मनापासून वाटतं. वाटणारच. त्याला कधी भ्यावंच लागलं नाही.

“चल,” सर म्हणाले. “सुरू कर.”

मिहिरने बटण दाबलं. मी बोलले. हातवारे नाहीत, चढउतार नाहीत. “ते वाक्य मी लिहिलं. आधी मिहिर बोलला, मग मी बोलले. बोलले तेव्हा चिठ्ठीत आलं होतं म्हणून बोलले. पण त्यासाठी मला चौकीत उभं केलं, तेव्हापासून ते माझं मत आहे.”

मिहिरने मध्येच मोबाइल खाली केला. सर उठून उभे राहिले. “काय केलंस हे? अगं, तुझ्या वडिलांचं काय होईल याचा विचार केलास?”

“मला माहीत नाही, सर. तुम्हाला माहीत आहे का काय होईल?”

 मी बॅग उचलली आणि बाहेर आले. त्या खोलीत मी पुन्हा गेलेले नाही. तो व्हिडिओ मिहिरने तिथल्या तिथे पुसून टाकला, असं नंतर कळलं. म्हणाला, माझ्यासाठीच पुसला. माझ्यासाठी सगळेच किती करतात.

अब्बांना मी संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. “तूने मेरा नहीं सोचा,” एवढंच म्हणाले आणि माझ्याशी बोलणं टाकलं. हे खरं नाही. मी त्यांचाच विचार केला होता. माझ्या माफीने त्यांचा पास सुरक्षित राहिला असता, असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आज ते वाक्य मागे घेतलं असतं तर उद्या आणखी एखादं मागे घ्यायला लावलं असतं, परवा माझं नाव असं का ठेवलं, याचीही माफी मागायला लावली असती. पण बापाला हे पटवून देण्याइतका चांगला वक्ता अजून मी झालेले नाही. आम्ही एका घरात जेवतो. ते अम्मीला सांगतात, हिला म्हणावं भाकरी घे.

काल सकाळी फोन आला. महिला कॉन्स्टेबल होत्या. “ताई, तो व्हिडिओ झाला का? साहेब विचारतायत.”

“झाला नाही. होणार नाही.”

“मग परत यावं लागेल तुम्हाला.”

“मी येणार नाही. लेखी नोटीस पाठवा. कुठल्या कलमाखाली चौकशी आहे ते त्यात लिहा. आणि नुसता जबाब हवा असेल तर घरी या. त्यासाठी बाईला चौकीत बोलावता येत नाही, असं तुमचाच कायदा सांगतो.”

 मग त्या हळूच म्हणाल्या, “तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

“वाचलं.”

अब्बा दाराशी बूट घालत होते. त्यांनी सगळं ऐकलं. वर बघितलं नाही. लेस बांधली, पास खिशात आहे का चाचपून पाहिलं आणि निघून गेले.

मला भीती वाटते. जिना चढताना कुणाचेही बूट वाजले की वाटते. अब्बांना यायला उशीर झाला की जास्त वाटते. ती जाईल असं मला कुणी सांगू नका. पण इथून पुढे माझी बाजू कुठली, हे चिठ्ठी ठरवणार नाही, सर ठरवणार नाहीत आणि साहेबही ठरवणार नाहीत. नोटीस येऊ दे. घरी आले तर मी जबाब देईन. कोर्टात उभं केलं तर तिथे देईन. ते वाक्य माझं आहे. मी ते मागे घेत नाही.